‘डेटा उडाला’ की ‘मी डेटा उडवला’?

मित्रहो, आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी ‘तिसरा पेपर’ होता आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तेव्हा आपल्या मासिकाच्या मराठी विभागात मी लिहितोय हे बघून रूम पार्टनर पोट धरून हसला. पण जे सांगायचंय ते मला मराठीतच कळलं, त्यामुळे इंग्रजी विभागात पाठवणं बरोबर दिसलं नसतं. चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात.

‘सर्व्हर डाऊन आहे.’ आज महाराष्ट्रात हे वाक्य माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड! बँकेच्या खिडकीवर, रेशनच्या दुकानात, दाखला काढायला गेलं की सेतू केंद्रात... ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ माझी आजी एसटीने तालुक्याला जाऊन असं दोनदा परत आलीय. तिला सर्व्हर म्हणजे काय ते माहीत नाही, पण तो ‘पडतो’ हे पक्कं माहीत आहे. तिनं एकदा मला विचारलं, ‘तू तेच शिकतोस ना रे? मग तो पडतो कशाला?’ मी म्हणालो, ‘आजी, तुला नाही कळायचं ते.’

या उत्तराची मला आता लाज वाटते. का, ते सांगतो.

आपल्या हॉस्टेलच्या मेसचं सॉफ्टवेअर सर्वांना ठाऊक आहे. दारात कार्ड दाखवायचं, ‘टुंग’ वाजतं, ताट घ्यायचं. कोण जेवलं, कोणाचा खाडा, कोणाचा गेस्ट, सगळं त्यात नोंदलं जातं. पंधरा दिवसांनी त्याच नोंदींवरून काकूंना ताटामागे पैसे मिळतात आणि आपले खाडे वजा होतात. २०१६ साली तेव्हाच्या सीनियर्सनी हे बनवलं. हॉस्टेल ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर ते चालतं आणि दर वर्षी एका टी.ई.वाल्याच्या गळ्यात पडतं. यंदा तो गळा माझा.

गेल्या सेमिस्टरमधला एक गुरुवार. दुपारचे पाऊण वाजलेत, लाईन पार जिन्यापर्यंत, आणि ‘टुंग’ बंद! मेस सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होतो. धावत आलो. काकूंनी तोवर कागद-पेन घेऊन नावं लिहायला सुरुवात केली होती. मी ऐटीत म्हणालो, ‘काकू, अर्ध्या तासात चालू करतो.’

झालं काय होतं, ते थोडक्यात सांगतो. आपला डेटाबेस आहे पोस्टग्रेस, त्याचं २०१६ मधलं ९.५ व्हर्जन. कुठलीही नोंद आली की तो आधी ती एका वेगळ्या फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवतो आणि मग सवडीने मूळ तक्त्यांत नेतो. अशी एकेक फाईल १६ एमबीची. भरलेली फाईल बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायची आणि कॉपी झाल्याशिवाय इथली काढायची नाही, अशी सोय सीनियर्सनी केली होती. शिवाय दर पाच मिनिटांनी, भरो न भरो, नवी फाईल सुरू करायची. हिशोब करा : दिवसाला २८८ फायली, म्हणजे साधारण साडेचार जीबी. बाहेरची हार्ड डिस्क जागेवर आहे तोवर काही त्रास नाही. पण ती डिस्क दोनेक महिन्यांपूर्वी कोणीतरी पिक्चर कॉपी करायला काढून नेली होती! (कोणी, हे मला माहीत आहे. लिहिणार नाही, का ते पुढे येईल.) कॉपी होईना, म्हणून फायली इथेच साठत गेल्या. गुरुवारी दुपारी पीसीची डिस्क काठोकाठ भरली आणि डेटाबेसने काम थांबवलं.

आता नीट वाचा, कारण गोष्टीचा जीव इथे आहे. या क्षणापर्यंत एकही नोंद गेलेली नव्हती. डेटाबेस बंद होता, पण आतलं सगळं शाबूत. थोडी जागा करून दिली असती, नुसते कोपऱ्यातले चार जुने व्हिडिओ उडवले असते, तरी तो पुन्हा उठला असता.

मी काय केलं? जागा कोण खातंय ते बघितलं. ‘पीजी-एक्सलॉग’ नावाचं फोल्डर! मला वाटलं, लॉग म्हणजे जुनी बडबड, उडवा. उडवलं. डेटाबेस सुरू होईना. बाहेर चारशे पोरं ताटल्या वाजवतायत. मी घामाघूम. रविवारी रात्रीचा बॅकअप ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर होता. मी डेटाबेसचं जुनं फोल्डर पूर्ण काढून टाकलं, नवीन तयार केलं आणि रविवारचा बॅकअप त्यात भरला. चाळीस मिनिटांत ‘टुंग’ चालू. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी, खरं सांगतो, हात उंचावून त्या घेतल्या.

रात्री नऊला लक्षात आलं की सोमवार ते गुरुवार दुपार, म्हणजे सात जेवणं, डेटाबेसमध्ये नाहीतच. साधारण २६०० ताटं. शिवाय त्या आठवड्यात घातलेले सगळे खाडे.

दुसऱ्या दिवशी डीबीएमएसच्या मॅडमना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, ‘जुनं फोल्डर कुठे आहे?’ मी म्हणालो, ‘डिलीट केलं.’ त्या म्हणाल्या, ‘ते असतं, तर तुझ्या पहिल्या चुकीनंतरसुद्धा बऱ्याचशा नोंदी काढता आल्या असत्या. काहीही करण्याआधी आहे तसं एका बाजूला ठेवायचं असतं रे.’

म्हणजे बंद पडणं हा सिस्टिमचा दोष होता. पण नोंदी जाणं हा माझा होता, शंभर टक्के.

आणि हे फक्त मला आणि मॅडमना माहीत होतं.

खरं तर मॅडमकडे जायच्या आधीच, गुरुवारी रात्रीच, मी नोटीस लावून मोकळा झालो होतो. ती अशी : ‘काही तांत्रिक अडचणींमुळे मेस सिस्टिममधील काही दिवसांचा डेटा उपलब्ध नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ वाचायला किती छान, नाही? आधी इंग्रजीत लिहिली आणि मग मराठी केली. एका वाक्यात दोनदा ‘काही’. अडचण कसली ते नाही, दिवस कुठले ते नाही, आणि माणूस तर कुठेच नाही.

शुक्रवारी सकाळी काकूंनी पोह्यांच्या कढईपाशीच मला अडवलं.

‘बाळा, तुझा कागद वाचला. मला एवढंच सांग, माझी ताटं गेली की राहिली?’

मी सुरू झालो. डिस्क फुल झाली, आर्काइव्ह होत नव्हतं, सर्व्हिस क्रॅश झाली, रिस्टोअर केलं... काकूंनी झारा खाली ठेवला. ‘हे सगळं असेल. ताटं गेली की राहिली?’

‘...गेली, काकू.’

‘किती?’

‘सात जेवणांची.’

‘बरं. मग आता पैसे कशावरून ठरणार?’

बघा मंडळी, तीन प्रश्न. माझं काय गेलं, किती गेलं, पुढे काय. माझ्या नोटिशीत तिन्हींचं उत्तर नव्हतं. काकूंच्या हाताखाली दहा-अकरा माणसं आहेत. त्यांचा पगार, किराणा, गॅस सगळं त्या ताटांवर चालतं. त्यांच्यासाठी तो ‘डेटा’ नव्हताच, ती केलेल्या कामाची पावती होती. आणि मी म्हणत होतो ‘गैरसोय’!

मग त्यांनी विचारलं, ‘पण मशीन बंद पडलं म्हणून लिहिलेलं कसं पुसलं गेलं? वही बंद केली म्हणून अक्षरं जातात का?’

हा प्रश्न व्हायव्हाला कोणी विचारला असता तर मी ‘राइट अहेड लॉगिंग’ म्हणून दोन मार्क घेऊन सुटलो असतो. काकूंसमोर ती सोय नव्हती. मी अडखळत म्हणालो, ‘काकू, मशीन आधी एका कच्च्या वहीत लिहितं, आलं तसं, ओळीने. मग ज्याच्या त्याच्या खात्यावर...’

‘कीर्द आणि खतावणी,’ काकू म्हणाल्या. ‘माझे वडील पेढीवर दिवाणजी होते. आधी कीर्द लिहायची, मग खतावणी.’

मी बघतच राहिलो. ज्याला मी तीन वर्षं इंग्रजी नावाने घोकत होतो, त्याला काकूंच्या घरी पिढीजात शब्द होता! आणि मग सगळं सरळ झालं. म्हणालो, ‘हो, तेच. कीर्दीच्या वह्या साठून कपाट भरलं, म्हणून मशीन थांबलं. मला वाटलं ती रद्दी आहे. मी कीर्द फाडली. मग खतावणी जुळेना, म्हणून मी खतावणीही टाकून दिली आणि रविवारची नक्कल आणून ठेवली. त्या नक्कलीत सोमवारपासूनचं काही नाही.’

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मशीनने नाही, तू घालवलंस.’

‘हो.’

‘मग तसं लिही ना! तांत्रिक कशाला म्हणतोस?’

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आत गेल्या आणि एक तेलकट वही घेऊन आल्या. पोळ्यांची वही. आपल्याकडे पोळ्या लाटणाऱ्या मावशींना पोळीमागे पैसे मिळतात, म्हणून प्रत्येक जेवणाला किती पोळ्या झाल्या ते काकू रोज लिहितात. सात जेवणांच्या पोळ्या त्यात होत्या. मागच्या दोन महिन्यांच्या ताटांच्या नोंदी माझ्याकडे शाबूत होत्या आणि पोळ्या त्यांच्याकडे. एका ताटाला सरासरी किती पोळ्या पडतात ते काढलं (३.८ आलं, आणि हो, रविवारच्या फीस्टला कमी पडतात!) आणि सात जेवणांची ताटं मागे मोजली. खाड्यांसाठी वॉचमनकाकांचं गेटचं रजिस्टर कामी आलं. कोण कधी गावी गेलं ते त्यात होतं. अगदी पैशापर्यंत जुळलं का? नाही. मेस कमिटीने बसून ठरवलं की शंका असेल तिथे काकूंच्या बाजूने धरायचं आणि फरक मेस फंडातून द्यायचा. अकरा जणांचे खाडे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाहीत. त्यातले दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

पण विचार करा. मी ‘तांत्रिक अडचण’वरच थांबलो असतो तर ती वही बाहेरच आली नसती. काय गेलं हे काकूंना कळलं, म्हणून काय उपयोगी पडेल ते त्यांना सुचलं. म्हणजे समजावून सांगणं हे दुरुस्ती झाल्यावर करायचं सोपस्काराचं काम नाही. तो दुरुस्तीचाच भाग आहे. या लेखात मला हेच म्हणायचंय.

हे फक्त आमच्या मेसचं शहाणपण नाही बरं का. जगातल्या मोठ्या कंपन्यांचीही हीच परीक्षा झालेली आहे.

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब. कोड ठेवण्याची ही सेवा आपल्यातले कित्येक जण वापरतात. डेटाबेस तोच, पोस्टग्रेस. रात्री उशिरा एक इंजिनियर दुय्यम सर्व्हरची बिघडलेली नक्कल दुरुस्त करत होता. त्यासाठी तिथलं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं होतं. कमांड दिली, पण चुकून मुख्य सर्व्हरवर! सेकंद-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले, तर एकेक सोय फुसकी निघाली. रोजचा बॅकअप घेणारं टूल ९.२ व्हर्जनचं आणि डेटाबेस ९.६, म्हणून तो होतच नव्हता. होत नाही हे सांगणाऱ्या ईमेल मधल्यामध्ये नाकारल्या जात होत्या, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. शेवटी कामाला आली ती एक नक्कल, जी सहाएक तास आधी त्याच इंजिनियरने वेगळ्याच कामासाठी हाताने काढून ठेवली होती. (वाचून मला आमची पोळ्यांची वही आठवली!) साइट परत यायला साधारण १८ तास लागले. मधल्या सहा-साडेसहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

पण त्यांनी लोकांना सांगितलं कसं ते बघा. दुरुस्ती चालू असतानाच स्वतःच्या कामाच्या नोंदी कोणालाही वाचता येतील अशा उघड्या ठेवल्या, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं, आणि एकाही बॅकअपवर विसंबता येत नाही हेही लपवलं नाही. नंतरच्या अहवालात लिहिलं : १७:२० ते मध्यरात्र (यूटीसी) या वेळातल्या नोंदी गेल्या. अंदाजे ५००० प्रोजेक्ट, ५००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती यांना फटका बसला. तुमचा कोड मात्र शाबूत आहे. म्हणजे काकूंच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत! आणि त्या इंजिनियरचं नाव अहवालात नाही, नुसतं ‘टीम-मेंबर-१’. प्रश्न ‘कोणाची बोटं’ हा नसून ‘एका चुकीच्या कमांडने सगळं जाऊ शकतं अशी रचना का’ हा आहे, अशी त्यांची भूमिका. हार्ड डिस्क नेणाऱ्याचं नाव मी का लिहीत नाही ते आता कळलं असेल. एका ज्युनियरने केबल काढली म्हणून मेस बंद पडत असेल, तर दोष केबलच्या पहाऱ्याचा. आणि अजून गंमत सांगू? ती डिस्क जागेवर असती तरी त्यातल्या फायलींचा आम्हाला परत उभं राहायला उपयोग नव्हता. त्यांच्यासोबत लागणारा एक मूळ बॅकअप कोणी घेतलाच नव्हता. आमच्या पन्नासएक सीनियर-ज्युनियरांना हे कधी कळलं नाही.

उलट उदाहरण २०२२ चं. ५ एप्रिलला अ‍ॅटलासियन या कंपनीत दोन टीमच्या बोलण्यात घोटाळा झाला. काढायचं होतं एक जुनं अ‍ॅप, पण यादी दिली गेली ग्राहकांच्या अख्ख्या साइट्सची. ८८३ साइट्स, ७७५ ग्राहक. काहींना साइट परत मिळायला १४ दिवस लागले. आणि सर्वांत वाईट म्हणजे साइटबरोबर त्या ग्राहकांची संपर्काची माहितीही गेली, त्यामुळे तक्रार नोंदवणंही त्यांना नेहमीच्या वाटेने जमेना. सुरुवातीला आपण ग्राहकांशी पुरेसं आणि लवकर बोललो नाही, हे कंपनीने पुढे मान्य केलं. बॅकअप त्यांच्याकडे होते. सांगायला मात्र उशीर झाला.

तिसरं, गिटहबचं. २१ ऑक्टोबर २०१८ ला नेटवर्क तुटलं फक्त ४३ सेकंद. पण तेवढ्यात दोन ठिकाणचे डेटाबेस एकमेकांशी न जुळणाऱ्या नोंदी घेऊन बसले आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. लवकर चालू करण्यापेक्षा लोकांच्या नोंदी शाबूत ठेवायच्या, असं त्यांनी ठरवलं आणि तसं सांगितलं. कामाचा डोंगर ज्या वेगाने उतरेल असं धरलं होतं तसा उतरला नाही, हेही अहवालात आहे. माझं ‘अर्ध्या तासात चालू करतो’ आठवतंय ना? मला ताटल्यांचा आवाज ऐकू येत होता, नोंदींचा नाही. टाळ्यांसाठी केलेली घाई होती ती.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर आमच्या विंगमधले मला सोडणार नाहीत. मित्र म्हणतो, ‘अरे, कस्टमरला एवढं कशाला सांगायचं? त्याला कळत नाही, वर विश्वास उडतो. वकील लोक काय म्हणतील?’ त्यात थोडं तथ्य आहे. सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं. काकूंना १६ एमबीशी कर्तव्य नव्हतं. सुरक्षिततेच्या गोष्टी तर उघड करूच नयेत. पण ‘कमी सांगणं’ आणि ‘लपवणं’ यात फरक आहे. कमी सांगताना आपण समोरच्याचा विचार करतो, लपवताना स्वतःचा. आणि विश्वासाचं म्हणाल, तर काकूंचा विश्वास त्या ‘तांत्रिक’ शब्दाने उडत होता, ‘मी घालवलं’ म्हटल्यावर नाही.

आणि ‘त्यांना कळत नाही’ हे तर साफ खोटं. आपल्याला सांगता येत नाही! जे मला काकूंना मराठीत सांगता आलं नाही, ते मला स्वतःलाच पूर्ण कळलेलं नव्हतं. लॉग म्हणजे रद्दी, असं वाटणारा मी कीर्दीची पानं फाडायला धजावलो असतो का? बरं, या गैरसमजात मी एकटाच नाही. नावात ‘लॉग’ बघून ते फोल्डर उडवणारे इतके निघाले, की २०१७ च्या दहाव्या व्हर्जनपासून पोस्टग्रेसवाल्यांनी त्याचं नावच बदलून ‘पीजी-वॉल’ केलं. नाव चुकीचं कळलं की हात चुकीचा चालतो.

मराठीची एक गंमत या निमित्ताने ध्यानात आली, शाळेत व्याकरणात कधी शिरली नव्हती. आपण लहानपणी काय म्हणायचो? ‘आई, काच फुटली.’ आई विचारायची, ‘फुटली की फोडलीस?’ फुटली-फोडली, सांडलं-सांडवलं, उडाला-उडवला. एका अक्षराचा फरक, पण त्यात माणूस हजर होतो नाहीतर गायब होतो. ‘डेटा उडाला’ म्हणणं किती सोपं! जणू पाखरू होतं.

शनिवारी मी जुनी नोटीस काढून नवी लावली. ती अशी होती :

‘गुरुवारी डिस्क भरल्याने मेस सिस्टिम बंद पडली. ती दुरुस्त करताना माझ्या चुकीमुळे सोमवार ते गुरुवार दुपार या सात जेवणांच्या आणि त्या आठवड्यातल्या खाड्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या. त्या मशीनमधून परत मिळणार नाहीत. रविवारपर्यंतच्या सर्व नोंदी शाबूत आहेत. ताटांचा हिशोब पोळ्यांच्या वहीवरून आणि खाड्यांचा गेट रजिस्टरवरून लावत आहोत. ज्यांचा खाडा राहिला असेल त्यांनी बुधवारपर्यंत मला भेटावं. यापुढे बॅकअप रोज होईल आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितला जाईल.’

खाली माझं नाव आणि रूम नंबर. दोन दिवस दाराबाहेर लाईन होती, टोमणे वेगळे! पण ‘नक्की काय झालं?’ असं एकानेही विचारलं नाही. कारण ते लिहिलेलं होतं.

आता थोडं कॉलेजला, म्हणजे आदरणीय सर-मॅडमनाही. डीबीएमसच्या पेपरात आम्ही ‘अ‍ॅसिड प्रॉपर्टीज’ लिहून मार्क घेतो. पण ‘डेटाबेस बंद पडला आहे, समोर चिडलेला ग्राहक आहे, त्याला पाच वाक्यांत सांगा’ असा प्रश्न कधीच येत नाही. आमच्यातले निम्मे-अधिक जण प्लेसमेंट झाल्यावर आधी सपोर्टलाच बसणार आहेत आणि तिथे हाच पेपर रोज असणार आहे! व्हायव्हाला एक प्रश्न असा ठेवा ना. लॅब असिस्टंट काकांना बोलवा, त्यांना समजलं तर मार्क द्या.

आणि नोटीस बोर्डावर ‘तांत्रिक कारणास्तव पाणी बंद’, ‘तांत्रिक कारणास्तव वाय-फाय बंद’ असे कागद लागतात, तिथेही तीन ओळी वाढवाव्यात : काय बंद, कधीपर्यंत, तोवर काय करायचं. पाणी लगेच येणार नाही हे मान्य. पण बादली भरून ठेवायची की नाही एवढं तर कळेल!

असो. सेमिस्टर संपताना मी काकूंना नवीन बॅकअप दाखवायला घेऊन गेलो. पडद्यावर रविवारच्या दोन्ही जेवणांचे आकडे होते. काकूंनी पदराला हात पुसले, आपली वही उघडली आणि एकेक आकडा बोटाने ताडून बघितला. जुळला.

मी म्हणालो, ‘आता वही बंद केली तरी चालेल, काकू.’

त्या म्हणाल्या, ‘राहू दे रे. तू काय, पुढच्या वर्षी पास होऊन जाशील.’

सुट्टीत घरी जाईन तेव्हा आजीलाही सांगणार आहे, सर्व्हर का पडतो ते. कीर्द-खतावणीपासून सुरुवात करीन म्हणतो.

– एक विद्यार्थी, टी.ई. कॉम्प्युटर